चूल धुमसतेय? आधी सरपण बघा, या चुका टाळा

घरभर धूर, डोळे चुरचुरतायत, भात अर्धा कच्चा, की लगेच चुलीचा दोष काढायचा, मातीच खराब, तोंडच बारीक... आमच्याकडे रत्नागिरीला दर पावसाळ्यात हे ठरलेलं. चूल बिचारी बरी असते हो, लाकूड ओलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सरपण मे महिन्यात तोडायला घेणं. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे 10 किलोचा भारा आणलात तर त्यातलं 4-5 लिटर पाणी डोक्यावरून वाहून आणलंत. नीट जळायला हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं, आणि तीन आठवड्यांच्या उन्हात जाडा ओंडका तिथवर पोचत नाही. पाणी उकळण्यात उष्णता जाते ते आहेच, पण त्यामुळे जाळ थंड राहतो आणि लाकडातून निघणारा वायू न जळताच धूर होऊन बाहेर पडतो, तीच काजळी टोपाच्या बुडाला. म्हणून तोडायचं ते दिवाळी झाली की. आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी आधी परवानगी काढा.

ओंडका न फोडता ठेवला तर वर्षभरही आतून ओला राहतो, कारण साल पाणी सोडत नाही, लाकूड वाळतं ते टोकाकडून आणि फोडलेल्या अंगाने. मनगटाएवढं फोडा. वाळलेल्याच्या टोकाला चिरा पडतात, दोन तुकडे आपटले की खणकन वाजतात, ओलं असेल तर नुसतं धप्प. चुलीत घातल्यावर टोकाला फेस येऊन चुरचुरलं तर मग विचारायलाच नको.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका वर्षी सगळं सरपण छान रचलं, चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून दोरीने घट्ट आवळली, आणि श्रावणात सोडून बघतो तर आतून पाणी ठिबकतंय, लाकडांवर पांढरी बुरशी. आजी म्हणाली, "लाकडांना थंडी वाजत होती काय रे?" तेव्हापासून खाली दगड ठेवून वीतभर उंच रचतो, वर फक्त पत्रा, बाजू मोकळ्या. भिंतीला टेकवत नाही, वाळवी लागते. आणि काढताना आधी काठीने ठोकायचं, विंचू असतात.

सुरू, चिंच, ऐन, देशावर बाभूळ, यांचा निखारा टिकतो, भाकरीला आणि बंबाला हेच. पांगारा, सावर भुर्रकन जळून जातात. बिब्बा आणि कण्हेर चुलीत अजिबात नको, बिब्ब्याच्या धुराने अंगावर फोड येतात, कण्हेरीचा धूर विषारी. काजूची टरफलं पण नको, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना, कातडीला झोंबतो. प्लायवूडचे, रंगवलेल्या फळ्यांचे तुकडे फुकट मिळाले तरी नको.

भर पावसात ओलंच हाताशी असेल तर रॉकेल ओतू नका. नारळाची सोडणं नि करवंट्यांवर जाळ धरा, एकावेळी दोन-तीनच बारीक लाकडं, मधून हवा जाईल अशी. चूल कोंबून भरली की धूर झालाच. आणि उद्याची लाकडं आज रात्री चूल विझल्यावर कोमट चुलीशेजारी उभी करून ठेवा, निखाऱ्यापासून हातभर लांब.