लाईट गेल्यावर या चुका टाळा, जनरेटरवाल्यांनी तर नक्कीच

मे संपत आला आणि गोव्यात पेडण्याकडे गडगडायला लागलं की संध्याकाळी सहानंतर माझा फोन थांबत नाही. मी वायरमन आहे, वीस वर्षं झाली याच तालुक्यात घरांची वायरिंगची कामं करतोय. लाईट जाण्याचं आम्हाला नवल नाही, लाईनी गेल्यात माडांतून, फणसांतून, काजूच्या बागांतून, एक चुडत, म्हणजे माडाची झावळी, पडली की अख्खा वाडा, सगळी वस्ती, काळोखात, हे लहानपणापासून बघतोय. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर दिवसच्या दिवस तसे काढले. पण मी जे नुकसान बघतो ना, जळलेले फ्रीज, फुगलेल्या बॅटऱ्या, भाजलेले हात, ते बहुतेक वेळा लाईट गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत केलेल्या घाईतलं असतं, नाहीतर लाईट परत आल्यावर पहिल्या पाच मिनिटांतलं. दर वर्षी त्याच चुका, फक्त घर वेगळं.

सगळ्यात आधी बाहेर येऊन बघा. शेजाऱ्याकडे आहे का, रस्त्यावरचा दिवा लागलाय का. निम्मे फोन मला असे येतात की "दादा, लाईट नाही", आणि जाऊन बघतो तर घरातली ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारा स्विच, पडलेली. पावसात चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, कुठेतरी थोडा करंट जमिनीत जातो आणि ती पडते, आणि पडते म्हणजे ती तिचं काम करतेय. ३० मिलिअँपियरला पडणारी वस्तू आहे ती, माणूस वाचवायलाच बसवलेली. तर लोक काय करतात, चार वेळा वर ढकलतात, पाचव्यांदा कुणीतरी हुशार मुलगा ती बायपास करून देतो आणि त्याच ओल्या घरात पोरंबाळं अनवाणी फिरतात. असं करू नका हो. सगळ्या एमसीबी, म्हणजे एकेका लाईनीचे छोटे स्विच, खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, जिच्यावर पडेल ती लाईन खाली ठेवून बाकीचं घर चालवा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तुळशीकडचा बाहेरचा दिवा, विहिरीवरचा पंप किंवा न्हाणीतला गीझर, तिघांपैकी एक असतो. सगळ्या एमसीबी खाली असूनही ईएलसीबी राहत नसेल तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठेतरी भिंतीला लागलाय, तिथे स्वतः डोकं लावू नका, सकाळी वायरमन बोलवा. जुन्या कटआउटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी वायरीचे तीन-चार पदर पिळून घालणारे पण अजून आहेत, तो फ्यूज मग कधीच जळत नाही, त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. जनरेटरची दोन तोंडांची वायर. म्हणजे वायरीच्या दोन्ही टोकांना पिनटॉप, एक जनरेटरमध्ये खुपसायचा, दुसरा घरातल्या पॉवर प्लगमध्ये, की सगळ्या घरात लाईट. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दोघं-तिघं तरी येतात, अशी वायर बनवून दे म्हणून. मी एकदाही बनवून दिली नाही, देणारही नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चवथीचा दुसरा दिवस, रात्री साडेआठ-नऊ झालेले, एका घरी आम्ही आरतीला जमलो होतो, बाहेर धो धो पाऊस. घुमटं, आमची मातीची वाद्यं, आत्ता कुठे रंगात आली होती तेवढ्यात लाईट गेली. समया होत्या, माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली, उजेड छान पडला होता, आरती तशीच चालू राहिली असती. पण त्या घरच्या, मुंबईहून आलेल्या पुतण्याने भाड्याने जनरेटर आणून ठेवला होता आणि त्याला तो दाखवायचाच होता. मी विचारलं, मेन स्विच पाडलास का रे? म्हणाला, पाडलाय काका. त्याच्यावर विश्वास ठेवून मी बसून राहिलो, ते मला अजून खातं. घर जुनं, भावाभावांत वाटणी झालेली, सोप्यावर दोन मीटर शेजारी शेजारी, आणि त्याने मेन पाडला होता तो चुलत्याच्या बाजूचा.

जनरेटर चालू झाला, घरात लाईट आली, लोक खूश. आणि मग पलीकडच्या दोन घरांतून आवाज आला, "आली रे आली!" पोरं ओरडायला लागली. माझ्या अंगावर काटा आला, कारण शेताच्या पलीकडे अख्खा वाडा काळोखात होता आणि लाईट आली होती ती फक्त आमच्या टोकाच्या तीन घरांत, म्हणजे आमच्या जनरेटरचा करंट उलटा बाहेरच्या तारेत चालला होता. धावत बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, आलो तर बांधाकडच्या खांबावर बॅटरीचा उजेड हलतोय. लाइनमन वर चढला होता. वाऱ्याने तार तुटली होती आणि तुटलेल्या तारेच्या अलीकडे आम्ही तीनच घरं होतो, म्हणून तो छोटा जनरेटर त्या लोडखाली दबून बंदही पडला नाही, मजेत चालत राहिला.

मी धावत जाऊन जनरेटर बंद केला. घरातली पिन उपटली नाही, कारण ती उपटली असती तर पितळेच्या उघड्या पिना करंटसकट माझ्या हातात आल्या असत्या, ही त्या वायरीची दुसरी करामत. नंतर तो माणूस भिजलेला घरी आला. ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज काढून आला होता, लाईन बंद आहे हे त्याला माहीत होतं, तरी सवयीने तारेला आधी टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला म्हणून हात मागे घेतला. शिव्या दिल्या नाहीत त्याने. सोप्यावर बसून पाणी मागितलं, तांब्या धरलेला हात थरथरत होता. पुतण्या कोपऱ्यात उभा, त्याला तोंड वर करता येईना.

ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज लागलेले असतील तर याहून वाईट. जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे आपल्याला २३० करून देतो तोच उलट्या बाजूने तुमच्या २३० चे ११,००० करतो, आणि दोन किलोमीटरवर कुणीतरी ती लाईन मेलेली समजून हात घालतो. आणि जनरेटर चालू असताना खरी लाईट आली तर तुमचा जनरेटर तर जळणारच. "मी आठवणीने मेन पाडतो" हे मला सांगू नका, काळोखात, पावसात, पाहुण्यांच्या गडबडीत आठवण राहत नाही. चेंजओव्हर स्विच बसवा, मधे ऑफ असलेला, लाईन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. तो नसेल तर जनरेटरवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढा, त्याच्यावर दोन दिवे आणि एक पंखा लावा, एका रात्रीला पुरे. आणि जनरेटर अंगणात, दारं-खिडक्यांपासून लांब. पाऊस आहे म्हणून बाल्कांवात किंवा मागच्या पडवीत आणू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

इन्व्हर्टरवाल्यांचं दुसरं दुखणं. १५० एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी घेतली म्हणजे रात्रभर घर चालेल असं दुकानात कुणीतरी सांगतं. हिशोब करा ना. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, त्यात इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा करा, बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही ते वजा करा, हातात हजार-अकराशे राहतात. दोन साधे पंखे ७५-७५ वॅटचे, चार एलईडी, राऊटर, झाले दोनशे. म्हणजे पाच तास, तेही बॅटरी नवी असेल तर. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, घेतलेत, ३० वॅटच्या आसपासचे, तर तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ चालते, मी स्वतः आधी पंखे बदलले. मिक्सर, इस्त्री, फ्रीज त्याच्यावर लावूच नका.

आणि बॅटरीत विहिरीचं पाणी! एका घरी नवी बॅटरी दीड वर्षात गेली, कंपनीला नावं ठेवत होते, मी टोपणं उघडून बघितलं तर आत तांबूस गाळ. विचारलं तर आजोबा म्हणाले, आमच्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यात गोड. असेल गोड, पण क्षार आणि लोह असतंच त्यात, आणि त्याने प्लेटा खराब होतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर, बाटलीभर घरात ठेवायचं. मी दर दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी बघतो, खुणेपर्यंतच भरतो. सकाळी म्हणतोय, कारण रात्री लाईट गेल्यावर मेणबत्ती धरून बॅटरीत डोकावणारे मी पाहिलेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ज्योत लागली की भडका होतो आणि ॲसिड थेट तोंडावर येतं. जिन्याखालच्या बंद खोपटात बॅटरी ठेवू नका तेही याच्याचसाठी.

बाकीचं भराभर सांगतो. मेणबत्ती प्लास्टिकच्या डब्यावर किंवा फ्रीजवर चिकटवू नका, आणि मच्छरदाणीजवळ तर नाहीच. टॉर्च मीटरबोर्डाच्या बाजूला खिळ्याला टांगलेला असावा, माझ्या घरी त्याला पोरांनी हात लावायचा नाही. आभाळ काळं झालं की चार वाजताच पंप लावून टाकी भरा, आणि विहिरीवर कळशी-दोरी अजून ठेवा, काढून टाकू नका. फ्रीज सारखा उघडून बंद केला की गारवा संपतो. दार बंद ठेवलं तर चार तास जिन्नस टिकतात, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही काढतो, त्यामुळे दुपारी आणलेले बांगडे बघायला दर अर्ध्या तासाने दार उघडू नका. मोबाईलचा टॉर्च लावून बसू नका, फोन जपा. काही तासांनी टॉवरची बॅटरीही उतरते, म्हणून १९१२ ला तक्रार लगेच करा, बिलावरचा नंबर आणि खांबाचा नंबर आधीच कुठेतरी लिहून ठेवा. तुटलेली तार दिसली तर कुणालाही आठ-दहा मीटरच्या आत जाऊ देऊ नका, घरात लाईट नाही म्हणजे तारेत करंट नाही असं नसतं. ओल्या बांबूने फांदी ढकलणारे शूरवीर प्रत्येक वाड्यावर आहेत, त्यांना तारेजवळ जाण्याआधीच अडवा.

एक मात्र विजेचं नाही, तरी सांगणार. उकडतं म्हणून लोक बाल्कांवात जमिनीवर चटई टाकून झोपतात. मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा चावा कित्येकदा दुखत नाही की सुजत नाही, माणसाला वाटतं मुंगी असेल. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, काळोखात अनवाणी चालू नका. काही चावल्यासारखं वाटलं तर बांधाबांधी, कापाकापी करत बसू नका, १०८ ला फोन करा.

लाईट आल्यावर. गेली तेव्हाच फ्रीज, टीव्ही, पंप यांच्या पिना काढून ठेवायच्या, एक दिवा आणि एक पंखा तेवढा चालू. आली की पाच मिनिटं काहीही लावू नका, पुन्हा जाते, पुन्हा येते, फ्रीजच्या कॉम्प्रेसरला ती उघडझाप मारते. एलईडीच्या उजेडावरून व्होल्टेज कळत नाही, ती कमी व्होल्टेजलाही तशीच पेटते, म्हणून बाल्कांवात मी अजून एक जुना पिवळा बल्ब ठेवलाय. तो लालसर दिसला तर व्होल्टेज कमी, पंप लावायचा नाही, मोटार जळेल. नेहमीसारखा दिसला तर आधी फ्रीज, मग पंप. आणि तो डोळे दिपतील इतका पांढरा लागला, पंखा गरगरायला लागला, तर कुठेतरी न्यूट्रल तुटलाय आणि २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येतायत. काही बघत बसू नका, तसेच धावा आणि मेन पाडा.