ऑब्जेक्टिव्ह-सीच्या तीन फायली आणि एक मेकफाइल: 'मेक क्लीन' न मारता

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये एक सल्ला फुकट मिळतो: "भो, मेक क्लीन मार, मग मेक मार, चालेल." चालतं हे खरं. मेक हा बदललेल्या फायलीच तेवढ्या पुन्हा कंपाइल करणारा प्रोग्राम, मेकफाइल म्हणजे त्याच्या नियमांची फाइल, आणि 'मेक क्लीन' आधी तयार झालेलं सगळं पुसतं. पण प्रत्येक वेळी सगळंच पुन्हा कंपाइल करायचं, तर मेकफाइल लिहिलीच कशाला?

उबंटूवर जीओबीजेसी (ऑब्जेक्टिव्ह-सीचा कंपायलर) आणि जीएनयूस्टेप (ऑब्जेक्टिव्ह-सीच्या लायब्ररी) यांची डेव्हलपमेंट पॅकेजं आहेत असं धरतो. उदाहरण आपल्याकडचंच, केळीचा हिशोब: घड.एच, घड.एम, शेतकरी.एच, शेतकरी.एम आणि मेन.एम. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

१. प्रत्येक .एम फाइल 'हायफन सी' देऊन वेगळी कंपाइल करा, म्हणजे तिची .ओ फाइल (कंपाइल झालेला तुकडा) तयार होते. एका .एममध्ये दुसरी .एम इम्पोर्ट करू नका. कुणी कितीही सांगो, इम्पोर्ट फक्त .एच.

२. मेकफाइलमधला पहिला नियम तयार प्रोग्रामचा ठेवा, कारण नुसतं 'मेक' म्हटलं की तोच चालतो. कोलनच्या डावीकडे जे बनवायचं त्याचं नाव, उजवीकडे ते ज्यांच्यापासून बनतं त्या फायली, म्हणजे इथे तिन्ही .ओ. खालच्या लिंकच्या (तुकडे जोडून प्रोग्राम करण्याच्या) ओळीत आधी .ओ फायली आणि शेवटी जीएनयूस्टेप-कॉन्फिग या कमांडकडून मिळणाऱ्या बेस-लिब्ज, म्हणजे लायब्ररींची यादी. लायब्ररी आधी टाकलीत तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची माळ लागेल.

३. कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबने, स्पेसने नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं तेव्हापासूनची ही कटकट आहे. 'मिसिंग सेपरेटर' दिसलं की एडिटर टॅबचे स्पेस करतोय असं समजा.

४. आता हेडर, म्हणजे .एच फायली. मी सर्वांत जास्त इथेच अडकलो, आणि बहुतेक लेख ही पायरी गाळतात.

समजा घडाचं 'वजन' आधी इंट (पूर्णांक) होतं. मग लक्षात आलं की घड साडेअठरा किलोचाही भरतो, म्हणून घड.एच आणि घड.एममध्ये ते डबल (दशांशाची संख्या) केलं. मेक मारलं, एकही एरर नाही. प्रोग्राम चालवला तर शेतकऱ्याची एकूण रास काहीच्या काही.

कारण साधं आहे. शेतकरी.ओच्या नियमात उजवीकडे फक्त शेतकरी.एम लिहिलेलं होतं. ती फाइल बदलली नाही, म्हणून मेकने जुनीच शेतकरी.ओ वापरली. ती अजून इंटची वाट बघतेय, घड.ओ डबल पाठवतेय, आणि प्रोसेसर या दोन्ही किमती वेगवेगळ्या रजिस्टरमधून (स्वतःच्या आतल्या छोट्या कप्प्यांतून) परत देतो. लिंकरही गप्प बसतो, कारण ऑब्जेक्टिव्ह-सीत मेसेज प्रोग्राम चालताना नावावरून जुळतो आणि नाव तर 'वजन'च आहे. अशा वेळी लोक कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवतात. कोड बरोबर असतो, नियम अर्धवट असतो.

म्हणून प्रत्येक .ओच्या नियमात तिला लागणारी सगळी हेडरं लिहा, आडून येणारीसुद्धा. मेन.एममध्ये घड.एचचं नाव नसेल, पण मेन.एम शेतकरी.एच इम्पोर्ट करते आणि शेतकरी.एच घड.एच. म्हणजे मेन.ओच्या ओळीत मेन.एम, शेतकरी.एच आणि घड.एच ही तिन्ही हवीत.

पहिल्या प्रोग्रामला हे हातानेच लिहा, हे माझं ठाम मत आहे. फायली वाढल्या की कंपायलरकडून करून घ्या: 'हायफन एमएमडी' दिलं की तो प्रत्येक .ओसोबत हेडरांची यादी असलेली .डी फाइल लिहितो. जीएनयूस्टेप-कॉन्फिगच्या ऑब्जसी-फ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांच्या यादीत) हा पर्याय आधीच असतो. पण मेकफाइलच्या शेवटी त्या .डी फायली इन्क्लूड केल्या नाहीत तर त्या फोल्डरमध्ये नुसत्या पडून राहतात. इन्क्लूडच्या आधी हायफन लावा, नाहीतर पहिल्याच वेळी, .डी तयार व्हायच्या आधी, मेक कुरकुर करेल.

५. तपासणी. सगळं एकदा बिल्ड करा, मग घड.एचवर 'टच' (फाइल आत्ताच बदलली असं दाखवणारी कमांड) चालवा आणि 'मेक हायफन एन' द्या. काहीही कंपाइल न होता पुढे काय होणार ते दिसतं. कंपाइलच्या तीन ओळी आणि लिंकची एक दिसली पाहिजे. कंपाइलच्या दोनच दिसल्या, तर जी .ओ गायब आहे तिच्या नियमात घड.एच राहिलंय.