बीटी, सिकलसेल आणि संत्र्याचा खुंट : जनुकांच्या बाबतीत या चुका टाळा

मृग लागला की माझ्या ओसरीवर दोन प्रकारची माणसं येतात. काही बियाण्याचं पाकीट घेऊन, काही दवाखान्याचा कागद घेऊन. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि घरी पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे, त्यामुळे दोघांनाही वाटतं की सर सांगतील. सर सांगतात. पुढच्या मृगाला तीच माणसं तीच चूक नव्या पाकिटात घालून आणतात. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. अमुक जनुक ‘आहे’ असं कळलं की लोक तिथंच थांबतात. जनुक स्वतः काहीच करत नाही. ती तलाठ्याच्या दप्तरातली नोंद आहे. दप्तर जागचं हलत नाही, त्याची नक्कल निघते आणि ती नक्कल दाखवून बाहेर काम होतं. पेशीत त्या नकलेला आरएनए म्हणतात आणि तिच्यावरून जे घडतं ते प्रथिन. अळी मारायची असो की रक्तातून प्राणवायू वाहायचा असो, राबतं ते प्रथिनच. ते कुठं बनलं, किती बनलं, नीट घडलं का, हे कुणी विचारत नाही.

“बीटी हाय ना, मंग काहाले पाहाचं?”

ही माझी सर्वांत नावडती चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

आधी एक गैरसमज एका ओळीत उरकतो. बियाण्यावर चोळलेला रंगीत थर म्हणजे बीटी नव्हे, ते बुरशीचं आणि रसशोषक किडीचं औषध असतं.

बीटी बियाण्याच्या आत आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू, त्याच्याच आद्याक्षरांवरून बीटी. त्याचं जनुक कपाशीत घातलं, म्हणून झाडाच्या पेशी क्राय नावाचं प्रथिन बनवतात. अळीनं पान खाल्लं की तिच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतं, तिचेच पाचक रस त्याला कापून धारदार करतात, मग ते आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागेला चिकटून भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या जठरात आम्ल असतं आणि चिकटायला ती जागाही नाही, म्हणून आपल्याला त्याचं काही होत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांनाही होत नाही. तरी दर श्रावणात कोणीतरी विचारतोच, “सर, बीटीवर तुडतुडा कसा आला?”

आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली, क्राय१एसी आणि क्राय२एबी. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की पोरं माझ्या आधी म्हणतात.

आता २०१७. त्या वर्षी दिवाळीपर्यंतची वेचणी चांगली झाली. विहिरीला पाणी होतं. मी विचार केला, दोन पाणी देऊ, फरदड ठेवू, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच झाडं पुढं चालू ठेवू, आणखी पाच-सहा क्विंटल निघाला तर पोरीच्या फीचं भागेल. झाडं हिरवीगार, बोंडं लगडलेली. फुलं मात्र नीट उमलत नव्हती, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसत होत्या. या डोमकळ्या मी रोज पाहत होतो आणि थंडीवर ढकलत होतो. गुलाबी बोंडअळीचं हे पहिलं लक्षण आहे, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि स्वतःच्या वावरात दिसणं यात केवढं अंतर असतं, ते त्या वर्षी कळलं.

डिसेंबरात बायकोनं एक हिरवं बोंड आणून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं आणि भाजीच्या सुरीनं उभं चिरलं. बाहेरून छिद्र नाही, डाग नाही. आत एका कप्प्यातला कापूस पिवळा पडून घट्ट बसलेला, दोन सरक्या एकमेकींना जोडलेल्या, आतून पोखरून पोकळ. त्या पोकळीत गुलाबी पट्ट्यांची अळी, सुरीच्या उजेडात आळस दिल्यासारखी हलली. शेजारचा कप्पा पांढराशुभ्र. बायको म्हणाली, “हेच का तुमचं बीटी?”

त्या हंगामात अख्ख्या विदर्भात हेच झालं. कवडी कापसाला, म्हणजे किडीनं डागाळलेल्या कापसाला, कोणी भाव विचारेना. आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन मजूर दगावले, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जनुक झाडात होतं. मग झालं काय? पहिलं म्हणजे झाड म्हातारं झालं की क्राय१एसी कमी बनतं. साधारण ११० दिवसांनंतर ही घसरण चांगलीच जाणवते, आणि कोवळ्या पानापेक्षा पात्या (फुलाच्या कळ्या) आणि बोंडांत ते मुळातच कमी. गुलाबी अळी येते तीच उशिरा आणि राहते बोंडात. म्हणजे राखणदार पेंगायला लागला की चोर घरात.

दुसरं कारण सरकीत आहे. आपण पेरतो तो संकर, म्हणजे दोन वाणांचा मिलाफ. त्याच्यात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी भरते तिच्यात वाटणी होते. दोन जनुकं वेगवेगळी वाटली जातात, म्हणून १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये पहिलं, ३ मध्ये दुसरं आणि एकीत काहीच नाही. अळीला एकाच बोंडात विष नसलेल्या सरकीपासून दोन्ही विषांच्या सरकीपर्यंत, म्हणजे शिकवणीपासून परीक्षेपर्यंत सगळं मिळतं.

तिसरं कारण अळीतच. काही अळ्यांत आतड्यावरची ती जागाच बदललेली असते, म्हणून प्रथिन चिकटत नाही. हा बदल आई आणि बाप दोन्हींकडून आला तरच अळी तगते, एकाकडून आला तर मरते. म्हणून तर ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी वेगळं द्यायचे. त्या झाडांवर साधे पतंग जगावेत, तगलेल्या पतंगांशी त्यांची जोडी जमावी आणि पुढची पिढी बीटीवर मरावी. आम्ही ते १२० ग्रॅम काय केलं? बांधावर फेकलं. “तूर हाय ना मधात,” असंही एकानं मला समजावलं. तुरीवर हिरवी अळी जगते, गुलाबीला तुरीचं काही पडलेलं नाही, तिला कपाशीच लागते.

आता माझ्या सवयी. त्या शास्त्रात बसतात की नाही ते तुम्ही पाहा. पेरणीची तारीख कालनिर्णयावर पेन्सिलनं लिहितो आणि ११० दिवस मोजून त्या चौकटीवर फुली मारतो. फुलीच्या आधीपासून दर रविवारी वीस झाडांची वीस हिरवी बोंडं फोडतो. दोन किडकी निघाली की फवारणी, नाही तर नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तरी फवारणी. फरदड बंद म्हणजे बंद, विहीर कितीही भरलेली असो. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या सोडतो. पऱ्हाटीचा ढीग चुलीसाठी बांधावर वर्षभर ठेवत नाही, त्यातच पुढच्या सालची अळी झोपलेली असते. हे ऐकून माणसं म्हणतात, “सर, एखादं चांगलं औषध सांगा ना त्यापेक्षा.” अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत जात नाही, बाप्पा. आणि वीस बोंडं फोडायला अर्धा तास लागतो.

घरची सरकी, चोर बीटी

वरची वाटणी कळली असेल तर घरची संकरित सरकी का पेरू नये, हे वेगळं सांगायला नको. चोर बीटीत, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या बिनमंजुरीच्या बियाण्यात, तर गंमतच असते. तणनाशक सोसायला झाडात वेगळं प्रथिन लागतं, झाडातलं नेहमीचं विकर (एन्झाइम) ग्लायफोसेट या तणनाशकानं बंद पडलं तरी हे चालू राहतं. त्याला आपल्याकडे मंजुरी नाही. तरी बिनबिलाचं पाकीट आणतात. आमच्या शिवारात एकानं बेधडक तणनाशक मारलं आणि चौथ्या दिवशी ओळीत मधूनमधून झाडं जळालेली. साधारण चारात एक. मी मोजली, कारण मला मोजल्याशिवाय राहवत नाही. संकराची सरकी पाकिटात भरून विकली होती त्याला. तक्रार कुठं करणार, बिल आहे का?

“रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे पोरगी गेली”

सिकलसेल हा आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. तेव्हापासून ओसरीवर कागद वाढलेत. तपासणी चांगली. कागद वाचण्याची घाई वाईट.

एक मावशी आल्या. पोरगी माझी जुनी विद्यार्थिनी, जमलेलं लग्न मोडलं होतं. कागदावर एवढंच : सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह. “सर, पोरीले काय झालं सांगा ना. धडधाकट तर हाय.”

ही तपासणी फक्त एवढं सांगते की रक्तात सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन आहे. चांगलं ते ए. दोन्ही प्रती चांगल्या तर एए, एकच एस तर एएस म्हणजे वाहक, दोन्ही एस तर एसएस म्हणजे रुग्ण. नळीतलं पाणी वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासण्यांनी कळतं. मी त्यांना त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. निघालं एएस.

हिमोग्लोबिनमधलं बीटा ग्लोबिन ही १४६ मण्यांची (अमिनो आम्लांची) माळ. डीएनएत एक अक्षर बदललं, जीएजीचं जीटीजी झालं, की सहावा मणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतो. एवढंच. पण प्राणवायू सोडल्यावर अशी प्रथिनं एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. एसएस माणसाच्या सगळ्या पेशी अशा. १२० दिवस टिकायची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, बारीक नसांत अडकते, कळा येतात. एएसच्या प्रत्येक पेशीत चांगलं प्रथिनही असतं आणि ते जास्त असतं, म्हणून तो माणूस सहसा आयुष्यभर वावरात राबतो आणि त्याला पत्ताही नसतो. अर्धा आजारी वगैरे काही नसतं.

गणित तेच, गुलाबी अळीचंच. दोन्हींकडून आलं तर एसएस, एकाकडून आलं तर एएस. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. इथं दुसरी चूक होते : “पहिलं एसएस झालं, आता तीन सुटले.” मी वर्गात दोन पिशव्या ठेवतो, प्रत्येकीत लाल तूर (एस) आणि पांढरी तूर (ए) निम्मी-निम्मी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा, पाहून परत टाकायचा. एकदा एका पोरानं लागोपाठ तीनदा लाल-लाल काढलं. वर्ग चिडीचूप. पिशवीला मागचं आठवत नाही, हे त्या दिवशी फळ्यावर न लिहिता कळलं.

मावशींना म्हटलं, नवरा मुलगाही तपासा. दोघांतला एक एए असेल तर लेकरू एसएस होत नाही. त्या पाहुण्यांनी तपासायला नकार दिला. मुलाचं रक्त तपासायचं म्हणजे अपमान! आणि मुलीचा कागद गावभर. या माणसांबद्दल मी इथं अधिक लिहीत नाही.

उरलेल्या चुका भराभर. तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. बाळात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन चालू असतं, त्याचं जनुक वेगळं, ते हळूहळू बंद होतं आणि त्रास साधारण सहा महिन्यांनंतर दिसतो. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच जुनं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून कळा थांबल्या की गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही मनानं द्यायच्या नाहीत. एसएसमध्ये पेशी फुटतात, लोह सहसा कमी नसतं.

“संत्र्याचं झाड उलटलं”

वरुडकडच्या पाहुण्यांचं हे ठरलेलं वाक्य. झाड उलटत नाही. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. खालच्या पेशींत जंबेरीची जनुकं, वरच्या पेशींत संत्र्याची, जोडापाशी ती मिसळत नाहीत. दुर्लक्ष झालं की खुंटाची फूट वर चढते, संत्र्याला दाबते आणि तिला जंबेरीच लागते. मी पाहुणा म्हणून गेलो तरी बागेत शिरताना खिशात कात्री असते, जोडाच्या खाली दिसलेली फूट बोलता बोलता कापतो. यजमानांना ते आवडत नाही.