घरातली ओल आणि बुरशी स्वतः कशी तपासायची, सोलापूरच्या घरांसाठी

सोलापुरात कसली आलीय बुरशी, इथं मे महिन्यात पारा 42-43 वर असतो, असं बरेच जण म्हणतात, मीपण म्हणायचो. मागच्या सप्टेंबरला आईची खोली आवरायला घेतली, लोखंडी कपाट पुढं ओढलं तर मागच्या भिंतीवर गुडघ्यापर्यंत मोहरीएवढे काळे ठिपके, मधे मधे हिरवट, आणि कपाटाखाली गठ्ठा करून ठेवलेल्या दोन चादरी उचलल्या तर इतका कुबट वास की आधी खिडकी उघडावी लागली. आईचा खोकला तेव्हा दोन महिने चालू होता. दमा किंवा ॲलर्जी असेल तर अशा खोलीत त्रास वाढतो हे डॉक्टर सांगतातच, पण त्या दोन महिन्यांत घरातल्या कुणीच कपाटामागं बघितलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट पक्की धरा, बुरशी पाण्याच्या मागं मागं येते. एखादी जागा 24 ते 48 तास ओली राहिली की ती धरायला लागते. त्यामुळं पाणी कुठनं येतंय ते शोधायचं, बाकी सगळं त्यानंतर. आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, मग तपासणी त्याच महिन्यात नाहीतर ऑक्टोबरात करा, एप्रिलमधे भिंत कोरडी ठणठणीत दिसणार आणि तुम्ही फसणार.

सुरुवात नाकानं. खोली रात्रभर बंद ठेवा, सकाळी बाहेरनं येऊन दार उघडल्या उघडल्या वास घ्या, कारण दोन मिनिटांत नाक सरावतं. मग टॉर्च भिंतीला चिकटून आडवी धरा, समोरनं नाही, आडव्या उजेडात फुगलेला गिलावा आणि पोपडे लगेच दिसतात. कपाटामागं, बेडच्या बॉक्समधे, सिंकखाली, माळ्यावर, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला, एवढं बघाच.

पांढरं काही दिसलं की लगेच बुरशी समजू नका. बऱ्याचदा तो लोणा असतो, भिंतीतलं मीठ पाण्याबरोबर वर येऊन सुकलेलं. ओळखायचं सोपं आहे, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, विरघळून गेलं तर लोणा, तसंच राहिलं आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर बुरशी (हातमोजा घालूनच हात लावा). अर्थात लोणा असला तरी भिंत पाणी पितेय एवढं नक्की.

आता मुख्य काम, आणि याला खर्च शून्य. ओलीच्या डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रोज बघा, डाग रेघेबाहेर गेला की नवी रेघ, नवी तारीख. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्याचा इथं फायदा होतो. पाणी आलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डाग वाढत असेल तर नळाची आत येणारी लाईन नाहीतर हौद गळतोय. पाण्याच्या दिवसाशी संबंध नाही, रोजच थोडं थोडं वाढतंय तर वरच्या टाकीची लाईन किंवा बाथरूमचा ड्रेन. फक्त पावसानंतर वाढतं तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. आणि काहीही झालं तरी जमिनीपासून फूट-दोन फूट सरळ पट्टाच ओला राहतो, तर पाणी जोत्यातनं वर चढतंय. आमच्याकडं चार वेळा पाणी आलं, चारही वेळा दुसऱ्या दिवशी रेघ सरकली. बाहेर खणलं तर हौदाच्या तोंडाजवळचा पाइपाचा सॉकेट (जोड) ठिबकत होता, अगदी बारीक, पण महिनोन्महिने.

त्याच्या आधी मी काय केलं होतं तेही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका ठेकेदारानं भिंत बघून पाच मिनिटांत वॉटरप्रूफ रंग सुचवला आणि आम्ही मारला. आतनं पाणी चालूच, त्यामुळं तीन महिन्यांत रंगाचे फुगे आले आणि ओल बाजूच्या भिंतीत शिरली. नंतर आलेल्या म्हाताऱ्या गवंड्यानं नुसता हात लावला आणि म्हणाला, मालक, पाणी बंद करा आधी, रंगाचं नंतर बघू.

भिंतीतनं पाणी येतंय की खोलीतली हवाच दमट आहे हे कळायला प्लास्टिकची टेस्ट करा. जाड पारदर्शक प्लास्टिक, साधारण दीड फूट बाय दीड फूट, चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा, 24 तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, थेंब धरले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा. आपल्याकडं दुसरी गोष्ट कूलरमुळं होते, खिडक्या बंद करून कूलर लावतात मग ती वाफ जाणार कुठं. कूलरच्या समोरची एक खिडकी उघडी पाहिजेच.

हवेतला दमटपणा मोजायला छोटं डिजिटल हायग्रोमीटर मिळतं, महाग नसतं. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची, 30 ते 50 उत्तम. नवीन मीटर खरं दाखवतं का तेही तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून दाट ओलं करा (पातळ नाही), मीटरसोबत झिपच्या पिशवीत 8-10 तास बंद ठेवा. आकडा 75 च्या आसपास यायला पाहिजे. 70 दाखवलं तर तुमचं मीटर 5 नं कमी सांगतंय, तेवढं मिळवून वाचा. टोचायच्या सुयांचं मॉइश्चर मीटर लाकडाला चांगलं, 20 टक्क्यांच्या वर गेलं तर दाराच्या चौकटीची काळजी करा. लोणा लागलेल्या गिलाव्यावर मात्र मिठामुळं ते उगाच जास्त दाखवतं.

गच्चीचा संशय असेल तर पाणी जायची तोंडं बंद करून दोनेक इंच पाणी 48 तास उभं करतात. हे फक्त चांगल्या आरसीसी स्लॅबवर! दोन इंच म्हणजे एका चौरस मीटरला 50 किलो वजन होतं. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या माळवदावर (लाकूड-मातीच्या छतावर) किंवा सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर हे अजिबात करू नका, इंजिनियरला बोलवा. दरवर्षी त्याच जागी भेग येत असेल तर घराखाली काळी माती आहे का बघा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, घर हलतं, नुसत्या पुट्टीनं ती भेग बुजत नाही.

लॅबची टेस्ट? डोळ्यानं बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा गरज नाही. कुठली का जात असेना, काढायचीच आहे आणि पाणी बंद करायचंच आहे. बुरशी उगवून बघायला घरी उघडी ठेवायची प्लेट मिळते तिच्यावर तर जाऊच नका, बुरशीचे बीजाणू सगळीकडच्या हवेत असतात, प्लेटवर काही ना काही उगवणारच. हवेचं सॅम्पल घेणारच असाल तर त्याच वेळी घराबाहेरचंही घ्यायला लावा, आतलं-बाहेरचं शेजारी ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि जो केमिकल विकतो त्याच्याकडनं टेस्ट करून घेऊ नका.

भिंती बघताय तर बाकीचंही बघून घ्या. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर आजच बाहेर काढा, हे बुरशीपेक्षा कितीतरी तातडीचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस आतच बेशुद्ध पडतो. अलार्म मिळतो, तोही लावा. घर जुनं असेल आणि ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका, घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, तो कापू-फोडू नका, काढायचा तर ओला करून अख्खा उतरवा. शहराच्या पूर्व भागात घरातच माग असतो, विड्या वळल्या जातात, तिथं सुताची बारीक धूळ आणि तंबाखू रोज छातीत जाते, निदान माग आणि झोपायची जागा वेगळी करा, झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा.

बुरशी साफ करायची तर तीन बाय तीन फुटांपर्यंत स्वतः करा, त्याहून मोठी असेल तर माणूस लावा. एन 95 मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आईवडील आणि पोरं दुसऱ्या खोलीत. साबणाच्या पाण्यानं ओलं करूनच घासा, कोरडं घासलं तर घरभर उडते. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. पोखरलेला गिलावा विटेपर्यंत काढा.

मग थांबा. भिंतीला सुकायला महिने लागतात आणि दिवाळीच्या आत रंग व्हावा म्हणून घरचे मागं लागतात, आमच्याकडंही लागले होते. आम्ही गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) होऊन जाईपर्यंत भिंत उघडी ठेवली, कपाट वीतभर पुढं ठेवलं, जानेवारीच्या शेवटी परत प्लास्टिक लावलं, दोन दिवस ठेवलं, आतनं एकही थेंब नव्हता, तेव्हा रंगाऱ्याला फोन केला.