गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्याची बॅग भरताना या चुका टाळा

नात्यातल्या चौघांच्या गुडघेबदलाच्या वेळी मी जळगावच्या दवाखान्यांत रात्री जागून काढल्या आहेत, आणि चारही वेळा बॅग आदल्या रात्री घाईघाईने भरलेली होती. तिच्यातून चादरी आणि फराळाचे डबे निघतात. पायात घालायला धड चप्पल मात्र निघत नाही.

चपलेची ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. अमळनेरच्या माझ्या मावशींसाठी त्यांच्या मुलाने नव्या कोऱ्या स्पंजच्या स्लिपर आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आले, तेव्हा सुजलेला पाय पट्ट्यात जाईना. कसाबसा अंगठा अडकवून मावशी उभ्या राहिल्या, तिसऱ्या पावलाला टाच निसटली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर स्लिपर एकीकडे आणि पाय दुसरीकडे गेला. फिजिओथेरपिस्टने दंड धरलेला होता म्हणून निभावले; पण मावशींनी असा धसका घेतला की पुढचे दोन दिवस, म्हणजे नेमके चालायला आणि गुडघा वाकवायला शिकण्याचे दिवस, त्या पलंगावरून उतरल्याच नाहीत. आदल्या रात्री मी टोकले तेव्हा ‘काई व्हत नही’ म्हणणारे चिरंजीव त्या वेळी खाली चहाला गेले होते. मी टाचेला पट्टा असलेली, वेल्क्रोची, रबरी तळव्याची सँडल एक नंबर मोठी घेतो आणि शस्त्रक्रियेआधी आठवडाभर ती घरातच वापरायला लावतो.

दुसरी चूक म्हणजे सुट्या गोळ्यांनी भरलेली डबी. पांढऱ्या बारीक गोळ्यांमधली रक्तदाबाची कोणती आणि थायरॉईडची कोणती, हे सिस्टरांनी ओळखायचे कसे? औषधे मूळ पाकिटांसकट आणि चिठ्ठीसकट न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती केव्हा थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे आणि शेवटची कधी घेतली ते लिहून ठेवावे.

जोडवी घरीच साबण लावून काढावीत, कारण बोट सुजल्यावर ती कापावी लागतात. घोळदार लांब गाऊन वॉकरमध्ये अडकतो. पोटरीपर्यंतचा, पुढून बटणांचा सुती गाऊन बरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल, तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड यांच्या मूळ प्रती न्याव्यात आणि दोन्हींवरचे नाव जुळते का, हे आठवडाभर आधीच पाहावे. चार्जर लांब वायरचा असावा. भेटायला येणाऱ्यांनी शेवभाजीचा डबा आणू नये, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी डबा येतोच.

घरून उशी अवश्य न्यावी, पण ती गुडघ्याखाली ठेवू नये. तेवढ्यापुरता आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि नंतर सरळ होताना फार त्रास देतो. मी ती टाचेखाली देतो, आणि रात्री कोणी ती हळूच वर सरकवलेली दिसली की पुन्हा खाली ओढतो.