बाबांचं ‘पटक पटक’

लहान मेंदूला स्ट्रोकचा फटका बसला तेव्हा बाबांच्या हातापायांत जोर होता, तोंडही वाकडं नव्हतं. बिघडला तो मेळ. एक शब्द ओरडल्यासारखा, पुढचा गिळलेला, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच दम संपलेला. श्वासाची मूळ लय मेंदूच्या देठातून येते; श्वास, ओठ आणि जीभ यांची वेळ जुळवायचं काम लहान मेंदूचं.

स्पीच थेरपिस्टनी शिकवलेला सराव आम्ही असा घेतो. तुमच्या माणसाची तपासणी आधी करून घ्याच.

पाठ टेकून ताठ बसवा. श्वास आत, आणि तो बाहेर पडायला लागला की लगेच ‘आऽऽ’. बाबा आधी अर्धा श्वास सोडून द्यायचे, मग बोलायला जायचे. सगळी गडबड तिथेच होती. आवाज लांबला नाही तरी चालेल, एकसारखा हवा.

मग आरसा. गाल फुगवा, ओठांचा चंबू, मग दात दाखवून हसू. सावकाश.

त्यानंतर ‘प-ट-क’. प ओठांचा, ट जिभेच्या शेंड्याचा, क मागच्या भागाचा, म्हणून एका शब्दात सगळ्यांची हजेरी. प्रत्येक अक्षराला टेबलावर बोटाने ठोका. वेग वाढवायचा मोह होतो. बाबांना तर शर्यतच वाटते. ठोका चुकला की थांबायचं.

शेवटी रोजचं वाक्य तोडून: ‘चहात साखर’, श्वास, ‘कमी घाल’. हे मात्र ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट म्हणतात. दमले की सराव बंद.