एका ग्रां प्रीचा जर्मन ड्रायव्हर: त्याची कारकीर्द कागदावर कशी उभी करायची

१९५२ आणि १९५३च्या जर्मन ग्रां प्रीचे, म्हणजे मोटारींच्या जागतिक विजेतेपदात मोजल्या जाणाऱ्या शर्यतीचे, निकाल काढून पाहा. वरची पाच-सहा नावं ओळखीची असतात. खाली क्लोडविग, क्राउझे, फिट्झाउ, उल्मन अशी नावं लागतात, जी जागतिक विजेतेपदाच्या तक्त्यात एकदा-दोनदा येऊन गायब होतात. अशा माणसावर लिहिताना तीच एक ओळ फुगवण्याचा मोह होतो. पण फ्रिट्झ रीस बघा: ग्रां प्री एकच, १९५२ची, सातवा क्रमांक, गुण शून्य. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने हेरमान लांगच्या जोडीने मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली होती. तिथे दुसरी आलेली जोडी हेल्फ्रिख आणि नीडरमायरची, आणि ग्रां प्रीच्या तक्त्यात या दोघांच्याही खात्यावर एक गुण नाही.

म्हणून आधी वर्षाचे नियम बघा, माणूस नंतर. १९५२ आणि १९५३ ही दोन वर्षं जागतिक विजेतेपद फॉर्म्युला टू या खालच्या वर्गाच्या नियमांनी खेळवलं गेलं. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र) नसेल तर २००० सीसी, असेल तर ५०० सीसी ही मर्यादा. जर्मनीत युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू ३२८चं १९७१ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन हाताशी होतं. त्याच्या आधाराने व्हेरिटास, एएफएम आणि कित्येक घरगुती गाड्या तयार झाल्या, आणि स्वतःच्या खर्चाने धावणाऱ्यांनाही जर्मन ग्रां प्रीच्या नुर्बुर्गरिंग सर्किटवर जागा मिळाली. १९५४ला मर्यादा २५०० सीसी झाली आणि जर्मन ग्रां प्रीतून हा घोळका जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा ‘कामगिरी न जमल्याने बाहेर पडला’ असं लिहिण्याआधी नियमपुस्तिका बघा. बऱ्याचदा माणूस तोच असतो, गाडीच बाद झालेली असते.

आता तक्ता आखा. रकाने हे: तारीख, सर्किट, शर्यतीचा वर्ग, गाडीवरचा क्रमांक, चासी (गाडीचा सांगाडा), इंजिन, प्रवेश कोणाच्या नावाने, सरावातली वेळ, ग्रिडवरची (सुरुवातीच्या रांगांमधली) जागा, पूर्ण केलेले लॅप (फेऱ्या), निकाल, थांबण्याचं कारण आणि माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण दोन नोंदी एकमेकींशी भांडू लागल्या की तोच कामाला येतो. चासी आणि इंजिन वेगळे ठेवा, कारण एकाच चासीत पुढच्या हंगामात दुसरं इंजिन बसलेलं सापडतं.

निकालाच्या रकान्यात चार गोष्टींची सरमिसळ फार होते: नाव दिलं पण आलाच नाही, सराव केला पण शर्यतीत उतरला नाही, उतरला पण मध्येच थांबला, शेवटपर्यंत धावला. १९५२च्या यादीत विली क्राकाउ दिसतो, पण तो सुरुवातीला ग्रिडवर नव्हता. त्याच्या नावापुढे ‘एक ग्रां प्री’ लिहिणं चूक. उलट १९५३ला एर्न्स्ट लोफ ग्रिडवर होता, पण सुरुवात होताच फ्युएल पंप गेला. अंतर नगण्य असलं तरी ती सुरुवात धरावीच लागते.

क्रमांक वाचताना लॅप मोजा. १९५२ला शर्यत १८ लॅपची होती. बाराव्या क्रमांकावरच्या क्लोडविगचे लॅप १४ होते, म्हणजे विजेता आस्कारी त्याच्यापेक्षा चार लॅप पुढे. विजेत्याच्या अंतराच्या ९० टक्के तरी पूर्ण केले तरच क्रमांक, या आजच्या नियमात तो बसला नसता. नुसतं ‘बारावा आला’ लिहिलं तर वाचकाला तो थोडक्यात मागे राहिल्यासारखा वाटतो. वर्तमानपत्रातली वेळ पटत नसेल तर हिशेब करा: एका लॅपचे २२.८१ किलोमीटर गुणिले १८ म्हणजे ४१०.६ किलोमीटर. आस्कारीला ३ तास ६ मिनिटं १३ सेकंद लागले, म्हणजे सरासरी ताशी सुमारे १३२ किलोमीटर. छापलेली सरासरी यापासून फार दूर असेल तर लॅप किंवा वेळ यांपैकी एक चुकलंय.

नावांत सगळ्यात जास्त फसगत होते. जर्मन लिपीतला दुहेरी ‘स’ आणि स्वरांवरची टिंबं परदेशी छपाईत हरवतात किंवा बदलतात, त्यामुळे एकच माणूस दोन रूपांत भेटतो. ग्लोकलर आडनावाचे हेल्म आणि वाल्टर असे दोन चुलतभाऊ शर्यतींत होते, तेव्हा पहिलं नाव मिळेपर्यंत नोंद अर्धवटच ठेवा. टोपणनावांचाही त्रास आहे. १९५२च्या यादीतला ‘बेर्न्ड नाके’ आणि पुढच्या वर्षी एएफएम चालवणारा ग्युंटर बेखेम ही एकच व्यक्ती. हे माहीत नसेल तर एका माणसाच्या दोन ग्रां प्री दोन माणसांत वाटल्या जातात.

गाडीच्या नावातही सापळे आहेत. ‘आयगेनबाउ’ ही कंपनी नव्हे, तो ‘स्वतः बांधलेली’ अशा अर्थाचा जर्मन शब्द. क्लोडविगच्या गाडीच्या नावातला ‘हेक’ हाही कोणी कारागीर नव्हे, हेक म्हणजे मागचा भाग. इंजिन मागे होतं म्हणून तसं म्हणायचे. पूर्व जर्मनीच्या आयसेनाख कारखान्याच्या गाड्या आधी बीएमडब्ल्यू नावाने आणि पुढे ईएमडब्ल्यू नावाने धावल्या. त्यामुळे नाव बदललेलं दिसलं तरी गाडी बदलली असं लगेच धरू नका.

एवढं झालं की ग्रां प्री बाजूला ठेवून नुर्बुर्गरिंगवरची आयफेलरेनेन शर्यत आणि आवूस, सोलिट्यूड, ग्रेंझलांडरिंग ही सर्किटं इथले फॉर्म्युला टू आणि स्पोर्ट्स कारचे निकाल चाळा; पूर्व जर्मन ड्रायव्हर असेल तर तिकडच्या झाक्सेनरिंग सर्किटपासून सुरुवात करा. खरा मजकूर इथेच मिळतो. टोनी उल्मनच्या नावावर १९५२च्या दोनच ग्रां प्री आहेत, पण त्याआधी देशातली विजेतेपदं त्याने मिळवली होती. एडगार बार्ट १९५३ला ईएमडब्ल्यूमध्ये होता, १९५७ला पश्चिम जर्मनीत येऊन पोर्शेत बसला आणि १९५९ला वोल्फगांग झायडेलच्या साथीने टार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली स्पोर्ट्स कार शर्यत जिंकला. एर्विन बाउअरची एकमेव ग्रां प्री १९५३ची, पण कारकीर्द संपली १९५८ला, नुर्बुर्गरिंगच्या १००० किलोमीटर शर्यतीत: शर्यत संपल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही, त्याने वेग कमी केला नाही आणि त्या जादा लॅपमध्ये झालेल्या अपघातात तो गेला.